दगडाला झालेली कावीळ

"निघाली! निघाली!" असा गलका झाला आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेरची सगळी गर्दी पितळी परातीवर ओणवी झाली. पुंजारामबुवाने रोग्याच्या हातांवर ओतलेलं निवळ पाणी परातीत पडेपर्यंत पिवळंधमक झालं होतं. बायकांनी पदर पसरले, बाप्यांनी हात जोडले. मी गावचा मास्तर, लांब उभा राहून दातओठ खात होतो.

दुष्काळाचं ते साल. आमच्या पारनेर तालुक्यात गावंच्या गावं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि आटलेल्या विहिरींच्या तळचं गढूळ पाणी पीत होती. त्या पाण्याने कावीळ पसरली. सरकारी दवाखान्यात खाटा पुरेनात. डॉक्टर औटी खरं बोलणारा माणूस. ते प्रत्येकाला सांगत, "काविळीवर हमखास औषध अजून कुणालाच सापडलेलं नाही. मोठ्या इस्पितळांत शोध चालू आहे. तोवर विश्रांती घ्या, पाणी उकळून प्या, आम्ही लक्ष ठेवतो." झालं! औषध नाही म्हणणारा डॉक्टर आमच्या लोकांच्या लेखी डॉक्टरच नव्हे. बुवाने नेमकी त्याच फाटकापुढे परात मांडली. लबाडाला जागा बरोबर सापडते.

माझ्या शेजारची चांगुणा सातव्या महिन्यात होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी ठरेना. मीच तिला दवाखान्यात आणलं होतं. पोटुशा बाईची कावीळ आईच्या आणि मुलाच्याही जिवावर बेतते, असं डॉक्टरांनी तिच्या सासूला, झुंबरबाईला, बजावून सांगितलं होतं. तरी त्या सकाळी झुंबरबाईने सलाईनची सुई उपटली आणि सुनेला बखोटीला धरून बुवापुढे आणून बसवलं.

"झुंबरबाई, अहो मरेल ती!" मी ओरडलो.

"तुमी गप ऱ्हावा, मास्तर. आत नुसतं पानी चढवत्यात. हितं कावीळ उतरताना डोळ्यांनी दिसतीय!"

बुवाची टकळी सुरू झाली. "माय, सात पिढ्यांची इद्या हाय ही! हाडातली कावीळ हातात आननार, हातातली परातीत आननार! पन सुई टोचली की इद्या रुसती. आता चार रोज अन्न न्हाई, दवाखान्याचं पानी न्हाई. पथ्य मोडलं तर म्या जबाबदार न्हाई."

विद्या रुसते म्हणे! मेला रोगी तर पथ्य मोडलं, जगला तर बुवाची करणी. त्याने चांगुणाच्या हातांना कसलासा रस चोळला, वरून पाणी ओतलं. पिवळं.

"आत्याबाई, मला घेरी येतीया," चांगुणा पुटपुटली. तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. सगळे परातीकडे पाहत होते.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. बाह्या सारून बुवापुढे बसले आणि म्हणाले, "माझेही हात धुवा." लोक बघत होते, बुवाला नाही म्हणता येईना. पाणी पिवळं झालं. मी मनात म्हटलं, सापडला चोर!

कसला सापडतोय! झुंबरबाईने कपाळावर हात मारला. "अगं बया! डाक्टरलाबी झालीया की! सोताची कळंना, आमची काय बरी करनार?"

गर्दी खदाखदा हसली. बुवाला जोर चढला. "बसा सायेब, तुमचीबी उतरवतो."

अशा बुद्धीपुढे काय बोलणार?  डॉक्टर उठले, रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगातून एक दगड उचलून आणला, त्याला बुवाचा रस चोळला आणि बुवाचंच पाणी वर ओतलं. दगडावरून पिवळा ओघळ आला.

"झुंबरबाई, हा दगड कुणी फोडला?"

"आमीच की."

"फोडताना याला कावीळ होती?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी बुवाची झोळी उपडी केली. आंब्याच्या झाडाच्या साली आणि चुन्याचा डबा खाली पडला. "सालीचा रस हाताला, वर चुन्याची निवळी. दोन्ही भेटले की पिवळा रंग येतो. रोगी असो, मी असो, दगड असो. कावीळ इथे, बरगडीखाली, यकृतात असते. ती तळहातातून कशी धुऊन निघेल?"

"पन मानसं बरी हुत्यात त्याचं काय?" कामावरच्या सहादेवने विचारलं.

"बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते, सहादेव. बुवाकडे गेलं तरी आणि न गेलं तरी. पण जी बिघडते ती जीव घेते, आणि त्यात ही पोर उपाशी ठेवायची?"

बुवा परात तिथेच टाकून सटकला. त्याला कुणी चोप दिला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. झुंबरबाईने सुनेला स्वतः उचललं आणि आत पळत नेलं.

चांगुणा वाचली. मूल मेलेलं जन्मलं. ते त्या सकाळमुळेच गेलं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पुराव्यावाचून ते बोलत नसत. झुंबरबाईने त्यांना खोदून खोदून विचारलं. "सांगता येत नाही," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून ती म्हातारी रोज तेच विचारते, आता मला. 

बुवा दुसऱ्या तालुक्यात नवी परात मांडून बसलाय म्हणतात. तुमच्या दारी आला तर त्याच्या पाया पडू नका, वादही घालू नका. रोग्याला खाटेवरून हलवू नका. रस्त्यावरचा एक दगड उचला, बुवापुढे ठेवा आणि म्हणा, आधी याचे हात धू.