रंग न चढलेली गाठ

टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं होतं. आत दालचिनीचे सहा बन आणि एक कार्ड. तीस वर्षांत इर्याला कुठल्याही रुग्णाने साधं 'आभार' म्हणूनही काही पाठवलं नव्हतं. पाठवणार तरी कोण? ती फिनलंडमधल्या कुओपिओच्या हॉस्पिटलात तळघरात बसून सूक्ष्मदर्शकाखाली गाठी ओळखणारी. लोकांना दिसतात ते वरचे सर्जन.

"म्हातारपणी कुणी चाहता पटवलास की काय?" टुइरे म्हणाली. काचपट्ट्यांना रंग चढवायचं काम तिचं. एक बन तिने आधीच उचलला होता. इर्यानेही अर्धा तोंडात कोंबला आणि मग कार्ड वाचायला घेतलं.

'रिपोर्ट घरी ऑनलाइन वाचला. एफएच निगेटिव्ह! आनुवंशिक प्रकार निघाला तर भावालाही धोका, असं सर्जन म्हणाले होते. यार्क्कोला लगेच कळवलं, तो आज दुपारचं स्कॅन रद्द करतोय. आई ज्यात गेली ते आमच्या वाट्याला नाही. खूप खूप आभार. हेइनी.'

इर्याने कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

ती काचपट्टी तिला लख्ख आठवत होती. चौतीस वर्षांच्या बाईच्या मूत्रपिंडातली गाठ, वरवर नेहमीच्या प्रकारासारखी. पण पेशींची केंद्रकं डोळ्यांत खुपली, म्हणून तिने एफएच नावाच्या प्रथिनाची तपासणी सांगितली. पेशीत ते असेल तर तपकिरी रंग चढतो. शेजारच्या रक्तवाहिन्यांवर चढला होता, म्हणजे टुइरेच्या कामात खोट नव्हती. गाठ मात्र कोरी. दुर्मिळ, घराण्यातून उतरणारा, गाठ लहान असतानाच पसरणारा प्रकार. रक्ताची जनुक चाचणी तेवढी बाकी होती. आणि इर्याने लिहिलं होतं, आयुष्यभर लिहीत आली तसंच: 'एफएच: निगेटिव्ह.' खाली जनुक चाचणीची शिफारस होती, पण लॅटिन शब्दांच्या त्या गर्दीत ती कोण वाचतो!

टुइरेने कार्ड वाचलं आणि हातातला बन खाली ठेवला. "अगं, पण तू चुकीचं काय लिहिलंस?"

"काहीच नाही. तेच तर!"

"सर्जनला सांग."

"तो गेलाय एल्कच्या शिकारीला. त्याच्या जागी आलेला ऑपरेशनमध्ये आहे. आणि स्कॅन आज आहे, टुइरे."

रुग्णाला फोन करायची तिच्या खात्यात रीत नव्हती. तिने केला.

"बन आवडले का?" इर्याने नाव सांगताच हेइनीने विचारलं. आवाज खुशीत होता.

"हेइनी, माझ्या लिहिण्याने तुमची फसगत झाली. आमच्यात निगेटिव्ह म्हणजे रंग चढला नाही. जे असायला हवं, तेच तुमच्या गाठीत नाही. हा तोच प्रकार आहे."



"आईचा?"

"बहुतेक."

"आणि मी त्याला... काल आम्ही केक कापला हो."

"चूक तुमची नाही."

"तुम्हीच सांगा त्याला. माझ्याने नाही होणार." तिने नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश.

इर्याला स्वतःचा संताप आला. एक ओळ साध्या भाषेत लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

यार्क्कोने पहिल्याच रिंगला फोन घेतला. मागे पोरांचा कल्ला चालला होता.

"हॉस्पिटल? अहो, स्कॅन नको म्हणून सकाळीच कळवलंय मी! ताईचं निगेटिव्ह आलंय."

"हो," इर्या म्हणाली. "ते मीच लिहिलंय. वाईट बातमी आहे ती, यार्क्को."