झोप नोहे व बाई

पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात दिवसभर ट्रकात पोती भरून आलेल्या हमालाला झोपेतून कोणी उठवत नाही. बायका पोरांना दटावतात, कोंबड्या हाकलतात. शेजारच्या गावातले दोन हमाल असेच मेले. पाठदुखीवर पानठेल्यातून घेतलेली हिरव्या पट्टीची गोळी, वरून दारू. दुपारभर घोरले; बायकांना वाटलं, सुखाची झोप लागली.

गावची आशा सेविका सत्यशीला सोमवारीच तालुक्याला गेली. तिचा धाकटा भाऊ विक्कीही हमाल; तीच गोळी खायचा आणि बहिणीचं ऐकायचा नाही. तालुक्याला ‘पूर्वसूचना कक्ष’ होता. फलक होता, हार घातलेलं उद्‌घाटन होतं, सूचना तेवढी नव्हती.

“साहेब, गोळीचा रंग अन् नाव टाका ना गावागावात.”

“बाई, घबराट पसरते.”

“मेल्यापरीस घाबरलेला बरा.”

“मसुदा वर गेला आहे.”

“वर त ते दोघंही गेले, साहेब.”

साहेबांनी चहा मागवला. स्वतःपुरता.

गुरुवारी कक्षाचा संदेश फिरत फिरत सत्यशीलाच्या फोनवर आला : ‘काही औषधांबाबत नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी.’ कक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये त्रेचाळीस जण, सगळे खुर्चीवाले. त्रेचाळीस अंगठे उमटले. नागरिक एकही नव्हता. एवढ्या निगुतीनं झाकलेली सूचना आपण दुसरी पाहिली नाही.

सत्यशीलाने फोन ओच्यात खोचला आणि धानाच्या बांधीत उतरली. रोवणीचे दिवस. एका गावच्या बायका दुसऱ्या गावी रोवायला जातात, आणि त्यांच्यासोबत गाणं जातं. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. चिखलात वाकलेल्या गुणाबाईला तिने चार ओळी दिल्या.

“हे कायचं गाणं व?” गुणाबाई म्हणाली. “ना सासू, ना माहेर.”

“म्हण त खरी, मावशी. चाल तुह्याच गाण्याची हाये.”

ओठ निळे, घसा घोरे, झोप नोहे व बाई,
हिरव्या पट्टीची गोळी त्याले उठू देत नाई;
नाक दाबून त्वांडातून भरा त्याले वारा,
एकशेआठ येतवरी सोडू नोका थारा.

शनिवारपर्यंत गाणं चार गावं हिंडून आलं. कक्ष अजून दक्षता घेत होता.

रविवारी दुपारी विक्की घरात घोरत पडला. त्याची बायको नंदिनी पाय न वाजवता भांडी उचलत होती. घराला लागूनच्या बांधीतून गाण्याची ओळ आली. ती थबकली. आत जाऊन तिने नवऱ्याचे ओठ पाहिले. जांभळासारखे. गदागदा हलवलं, गालावर मारलं, डोळा उघडेना. ती दारातून बांधीकडे ओरडली.

चिखलाच्या पायांनी बायका आत घुसल्या. गुणाबाईने त्याला उताणा केला, मान मागं केली, नाक दाबून तोंडात वारा भरला. ती दमली की दुसरी, मग तिसरी. सत्यशीला धावत आली तेव्हा फोन लागलेला होता. “हिरवी गोळी,” नंदिनी फोनवर ओरडून सांगत होती, “हिरवी, दारूसंगं.”

गाडी पाऊण तासाने आली. तोवर वारा थांबला नाही. गाडीतल्या डॉक्टरने उताऱ्याची सुई टोचल्यावर थोड्या वेळात विक्की घामाने थबथबला, ओकला, आणि डोळे उघडताच बहिणीला, बायकोला, गुणाबाईला आईबहिणीवरून शिव्या देऊ लागला. काऊन उठवलं म्हणे.

गुणाबाईने पदराने तोंड पुसलं. “याच्यासाठी म्या माहं त्वांड बाटवलं,” ती म्हणाली.

नंदिनीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

“दे शिव्या,” ती म्हणाली. “अजून दे. थांबू नोको.”