कृपेची रेंज

"आली! कृपा आली!"

सभागृहात एकच गलका झाला. व्यासपीठावर महाराजांचा हात हवेत होता आणि खाली हजारो फोन उंचावले होते. आत्तापर्यंत इथून साधा निरोपही जात नव्हता. आता परगावच्या लेकी-सुना फोनच्या पडद्यावर दिसू लागल्या आणि माणसं ढसाढसा रडायला लागली.

"यंत्राला रेंज लागते, भक्ताला कृपा लागते!" महाराज गरजले. "ज्याच्या फोनात कृपा उतरली, तो माझ्याशी जोडला गेला. जो जोडला गेला, त्याची औषधं सुटली!"

आत्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. सोपं जावं म्हणून मीच तो मराठीत लावून दिला होता. पडद्यावर होतं, 'कृपा – जोडले गेले'.

"वाच! 'गेलो' नाही, 'गेले'. मी बाईमाणूस आहे हेसुद्धा ओळखलं त्यांनी! आजपासून इन्सुलिन बंद."

सकाळची सुई तिने टाळलीच होती. ओठ सुकले होते, पाण्यावर पाणी पीत होती. माझं डोकं सणकलं. मोठ्या समारंभांना तात्पुरतं इंटरनेट पुरवणं हा माझा धंदा आहे, आणि माझ्याच धंद्यातल्या युक्तीच्या जोरावर हा भोंदू माझ्या आत्याच्या जिवावर उठला होता!

मी तडक व्यासपीठावर चढलो. एक सेवक आडवा आला. त्याला बाजूला सारून मी सिंहासनाखालचं मखमली कापड वर केलं. आत एक काळा डबा मिणमिणत होता. मी त्याची वायर उपटली. महाराजांचा हात वरच राहिला, कृपा मात्र गेली.

"पाखंडी! भस्म होशील!"

"होईन की. आधी हात मांडीवर ठेवा."

गर्दीकडे बघून त्यांनी मुकाट्याने हात खाली घेतला. मी वायर जोडली. डब्याला जागं व्हायला जरा वेळ लागला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आली!"

मी माइक ओढून घेतला. "एवढी गर्दी एकाच टॉवरला लटकली की सगळ्यांचीच बोंब होते. म्हणून सभागृहाच्या इंटरनेटला वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांची जोड देतात आणि गच्चीवरचा अँटेना लांबच्या मोकळ्या टॉवरकडे वळवतात. तेच इंटरनेट या डब्यातून वायफायने वाटलंय. वायफायचं नाव ठेवलंय 'कृपा', आणि दारातच सेवकांनी ते तुमच्या फोनांत भरून ठेवलंय. हात वर झाला की सेवक बटण दाबतो, बस्स!"

"पण ते 'गेले'?" आत्या खालून अजून भांडत होती.

तिच्या मागचे झुपकेदार मिशांचे गृहस्थ ओशाळून म्हणाले, "ताई, माझ्याही फोनवर 'जोडले गेले'च आहे हो."

"फोन जोडले गेले, आत्या," मी म्हणालो. "माणसं नाहीत."

सभागृह खदखदून हसलं. आत्या हसली नाही. तिने दोन्ही फोन शेजारीशेजारी धरून पुन्हा वाचले. मग महाराजांकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "मेल्या, मी मेले असते की रे!" आणि पुढच्याच क्षणी मला, "चल आधी डॉक्टरांकडे."

सिंहासन रिकामं व्हायला वेळ लागला नाही.

मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी जरा वाकून खाली बघा. प्रश्न विचारा, खरं असेल ते प्रश्नांनी मोडत नाही. आणि कुणी औषध सोडायला सांगितलं, तर औषध सोडू नका. त्याला सोडा.