लॉगबुकासारखं वाचलेलं आउटपुट

मरोद्याच्या समाजभवनात वधू-वर मेळावा रंगात आला होता आणि भूमिका घाम पुसत बसली होती. माइकवर तिचे बाबा, मारोतराव होते. त्यांच्या हातात तिच्या प्रोग्रॅमनं काढलेले कागद होते.

प्रोग्रॅम मोठा हुशार. भूमिकानं प्रत्येक घराची अट कोडची एकेक ओळ म्हणून लिहिली होती. प्रोग्रॅम ती जागच्या जागी चालवायचा, स्थळं शोधायचा आणि चालताना जे जे छापलं जाईल ते पकडून त्या घराच्या कागदावर उतरवायचा. घोडं पेंड खात होतं ते या 'जे जे'पाशी. कंटाळून तिनं मध्ये मध्ये स्वतःचे शेरेही छापायला लावले होते, ते पुसायचे राहिले.

त्यात बाबांची सवय. स्टील प्लांटमध्ये तेहतीस वर्षं पाळी बदलताना त्यांनी लॉगबुक शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून, खाली सही करूनच पुढच्या पाळीला चार्ज दिला होता. ओळ गाळणं त्यांना जमतच नसे.

"तेजरामजी. अट, मुलगी बारीक पायजे. स्थळं दोन. आधी पोराचं पोट पाहा."

सभागृह खदखदून हसलं. तेजरामजी सोडून.

"गयाबाई. अट, लेकीच्या सासरी सासू नको. स्थळं शून्य. स्वतः सासू होणार, त्याचं काय?"

गयाबाई पदर खोचून उठल्या. भूमिका माइककडे धावली. "बाबा, बस करा! थे फालतू आउटपुट हाय!"

"लॉगबुक अर्धं नाय सोडत, पोरी."

शेवटचा कागद घरचाच होता. दोन वर्षं जे सांगायची भूमिकाची हिंमत झाली नव्हती, ते त्यावर होतं.

"मारोतराव. अट, जावई प्लांटमधलाच. स्थळं चार. ही अट बाबांची. मला कुरुदचा पीयूष हवा. बाबांना कोण सांगणार?"

मारोतरावांनी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. मग सवयीनं पेन काढून खाली सही केली.

"एवढी भीती वाटते माही?" ते हळूच म्हणाले, पण माइक चालूच होता. भूमिकाला रडू फुटलं.

मागच्या रांगेत एक पोरगा भज्याची प्लेट घेऊन चोरासारखा उभा राहिला.

"त्याच्या घरी सासू हाय का, थे इचारा आधी!" गयाबाई ओरडल्या.

मारोतरावांनी घसा खाकरला. "पुढची पाळी हजर दिसते. या पीयूषराव, समोर या. चार्ज घ्या."