बोटांमधला बांध

ऋषी जन्मला तो दोन्ही हातांची बोटं जुळलेली घेऊन, आणि बायडाबाईंनी निकाल देऊन टाकला: सुनेनं ग्रहणात भोपळा चिरला. "आमच्या घरात असलं कुणाचं न्हाय. पोराला घे अन् वारज्याला माहेरी जा." मांजरी गावातल्या त्या घरात बायडाबाईंपुढे कुणाचं चालत नसे, त्यांच्या लेकाचं, संभाजीचं तर नाहीच. सुनेनेच, अक्षताने, हट्ट धरला, आधी तपासणी करा, मग हाकला.

बाळाचं आणि आईबापांचं रक्त तपासून झालं. डॉक्टर शेफालींनी समोर शेतकरी बघून शेतातलंच उदाहरण घेतलं.

"जनुकं सगळी धड आहेत. ती ज्या धाग्यावर असतात, त्याच्या घड्या पडून वाफे होतात आणि वाफ्यांमध्ये बांध. पोटात हातपाय घडताना एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात जायचं नसतं. इथे एक बांधच नाही. पाणी भलत्याच जनुकाला मिळालं, म्हणून बोटं सुटी झाली नाहीत. भोपळ्याचा काही संबंध नाही."

"मग बांध फोडला कुणी?" बायडाबाईंनी विचारलं. बांधावरूनच दोन दिरांशी त्यांचा उभा दावा होता. हे त्यांना चटकन कळलं.

"कुणी नाही. तो वडिलांकडेही नाही. संभाजीराव, जरा बूट काढता?"

संभाजीने आईकडे पाहिलं. लग्न ठरवताना अक्षताला चालायला लावलं होतं, सुईत दोरा ओवायला लावला होता. नवऱ्या मुलाचे बूट काढायला सांगणारा माईचा लाल काही निघाला नव्हता. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतले व्रण अक्षताला ठाऊक होते. लहानपणी काच लागली, असं सासूनेच सांगितलं होतं.

"बोटं सुटी करून घेतली व्हती त्याची," बायडाबाई म्हणाल्या. आवाजात लाज नव्हती.

अक्षताला इतकं हायसं वाटलं की तिथेच रडू फुटलं. वेडी पोर. आपण जिंकलो असं तिला वाटलं.

गाडीत बसताना बायडाबाईंनी ऋषीला तिच्या कडेवरून काढून घेतलं.

"बांध आमचा, तर पीक बी आमचं. बापाचं केलं तसं ह्याचं बी आपरेशन करू. पोर आमच्यात ऱ्हाईल."

"आणि मी?"

"तुझं काय हाय त्यात? डाक्टरीणबाईच म्हणल्या की."

अक्षताने नवऱ्याकडे पाहिलं. चौकात त्याने गाडी मांजरीच्या रस्त्याला घातलीच नाही, वारज्याकडे वळवली, तिला माहेरी सोडायला.