दोन डबे

“डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो मॅडम, मग ह्यांचं वजन जातंय कुठं?” केसरनं विचारलं तेव्हा भिकू काट्यावरून उतरून चपलेत पाय घालत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

अलिबागच्या दवाखान्यात आहार समजावून सांगणाऱ्या हेतलताईंनी मान वर केली. भिकूचं फुप्फुसाचं दुखणं जुनं. धापेपायी होडीवर जाणं सुटलं, तेव्हापासून तो मुरुडच्या बंदरावर शेडमध्ये फाटकी जाळी सांधत बसे. पण गेल्या पावसाळ्यापासून अंगावरचं मांसच उतरायला लागलं होतं. गळ्याखालची हाडं वर आली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. केसरनं अंडी उकडली, बांगडे तळले, शेंगदाण्याचे लाडू वळले. चालून राहिलंसाहिलंही झडेल म्हणून बंदरावर जायला-यायला रिक्षा लावली, आणि घरात त्याला साधा तांब्याही उचलू दिला नाही.

“भिकूदादा, डबा तुम्हीच खाता ना?” हेतलताईंनी हळूच विचारलं.

भिकू चपलेकडे बघत म्हणाला, “दोन घास खाल्लं की धाप लागते. पोट दगडावानी होतं. मग बुधाजीला देतो.”

केसरच्या डोळ्यांपुढे बुधाजीचे गाल उभे राहिले. भिकूच्या शेजारी बसून जाळी सांधणारा, बायको गेल्यापासून एकटा. गणपतीत तो चांगला भरलेला दिसला, तेव्हा तिनंच म्हटलं होतं, “भावजी, मानवलंय तुमाला.”

“मला का न्हाय सांगितलंत?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“पहाटंचं उठून रांधतेस. भरला डबा परत आला की तुजं त्वांड उतरतं. मला बघवत न्हाय.”

केसर रागावली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. रोज रात्री ताटासमोर बसून ती ‘आणखी एक घास, माजी आन हाय’ म्हणायची, ते तिला आठवत होतं.

हेतलताईंनी खुर्ची जवळ ओढली. “ह्यांना नुसता श्वास घ्यायलाच मेहनत पडते काकी, खाल्लेलं त्यातच जळतं. ताटभर नको. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा. पेज घट्ट करा, वर तूप घाला. पाणी जेवताना नको, मागाहून. आणि चालू द्या त्यांना. हातपाय हलले तरच अंगाला लागेल. धाप लागली की थांबायचं, ओठ आवळून हळूहळू फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायचा. डॉक्टरांनी तेवढी मुभा दिलीय.”

दुसऱ्या दिवशी केसर स्वतःच शेडमध्ये गेली. तिला पाहून बुधाजी चपापला. तिनं दोन डबे खाली ठेवले.

“मोठा तुमचा, लहान ह्यांचा. संगती बसून जेवा. पन ह्यांच्यातलं कुनाला द्यायचं न्हाय.”

“वैनी, तो म्हनायचा, घरनं जास्तीचं येतं,” बुधाजी मान खाली घालून म्हणाला.

“येतच व्हतं की,” केसर म्हणाली, आणि तिला हसू आलं.

रिक्षा बंद झाली. संध्याकाळी दोघे गडी ओल्या घट्ट वाळूवरून चालत येऊ लागले, ओढून ठेवलेली होडी दिसली की टेकू लागले. सकाळी भिकू, हेतलताईंनी शिकवलेला व्यायाम म्हणून, हात न टेकता खुर्चीतून उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. केसर आता जेवताना समोर बसत नसे. बशीत अर्धा बांगडा नाहीतर लाडवाचा तुकडा ठेवायची आणि अंगणात निघून जायची. हे तिला फार जड गेलं. कितीदा तरी बशी तशीच राहिली, तिनं विचारलं नाही. मध्ये एकदा खोकल्यानं तो आडवा झाला, तेव्हा केलेलं सगळं पाण्यात गेलंसं वाटलं. पण बरा होऊन उठल्यावर त्यानं आपणहून व्यायामाची खुर्ची पुढे ओढली.

होळीनंतर अलिबागचा काटा किंचित वर सरकला.

“घसरण थांबली, हेच मोठं,” हेतलताई म्हणाल्या. बसमध्ये केसर खिडकीकडे तोंड करून बसली होती. कितीतरी दिवसांनी तिला डुलकी लागली.

दुपारी घरी येऊन ती अंगणात सुकट पसरत होती. आतून भिकूचा आवाज आला, “केसर, भूक लागली गो.”

तिचा हात सुकटीतच राहिला. कितीतरी महिन्यांत हा शब्द त्या घरात उमटला नव्हता. तिला नीट ऐकू आलं होतं. तरी ती जागची हलली नाही.

“काय म्हनलांत?”

“भूक लागली म्हनतो. काय हाय?”