वाळूखालची त्रेचाळीस वर्षं

मी एक जुना दगड आहे. काळा, खडबडीत, साधारण कुकरएवढा. दगड म्हटलं की लोकांना वाटतं, हा शांत असणार. मित्रांनो, हा गैरसमज आहे. मला आयुष्यात एक घटकाही स्वस्थता मिळालेली नाही.

माझा जन्म एका खाडीच्या तोंडाशी झाला. तिथे समुद्रात एक खडकाळ बेट आहे. मी त्याचाच तुकडा, म्हणून मी त्याला थोरला म्हणतो. एका वादळात मी त्याच्यापासून सुटलो आणि किनाऱ्यावर पडून राहिलो. पुढे एक चष्मेवाल्या बाई आल्या. त्यांनी मला चारी बाजूंनी निरखलं, पिशवीत घातलं आणि एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. तिथे सिमेंटचा लांबलचक हौद होता. हौदात बारीक वाळू पसरून आमची सगळी खाडी छोट्या मापात बनवलेली होती आणि तिच्या तोंडाशी एक जागा रिकामी ठेवली होती. बाईंनी मला तिथे सिमेंटात पक्कं बसवून घेतलं. अशा रीतीने मी थोरल्याच्या जागी नोकरीला लागलो.

काम सोपं होतं. एका टोकाला मोटरवर चालणारी झडप होती. ती वरखाली झाली की एका मिनिटात भरती आणि ओहोटी. अशा शंभर भरत्या झाल्या की खऱ्या खाडीचं एक वर्ष झालं, असं धरायचं. मी फक्त मध्ये उभं राहायचं. पाणी यायचं, मला अडायचं, चिडायचं आणि दोन्ही अंगांनी जोरात पळायचं. पळता पळता ते वाळू खरवडून न्यायचं. माझ्या दोन्ही बाजूंना खोल वाटा पडल्या, त्यांना आत फाटे फुटले आणि माझ्या आडोशाला मऊ गाळ साठला. बाई पाहुण्यांना सांगायच्या, "ही खाडी या दगडाने घडवली आहे." तेव्हा माझी छाती फुगायची. म्हणजे फुगली असती.

हौद बांधला होता मिस्त्रींनी. मिस्त्रींचा हात सोन्यासारखा, पण त्यांचं एक तत्त्व होतं: जे दिसत नाही, ते नाही. भिंतीला भेग पडली की ते तिच्यावर कॅलेंडर लावत. मिस्त्रींची ताई खऱ्या खाडीच्या काठी राहायची. ती आणि दाजी धक्क्यावरून होडी चालवायचे. मिस्त्रींनी मॉडेलमध्ये त्या जागी आइस्क्रीमची काडी रोवली होती आणि येताजाता ते तिला विचारायचे, "काय ताई, पाणी आहे ना?"

एके दिवशी शेडचे मोठे साहेब फाईल घेऊन आले. मोठ्या जहाजांना थोरल्याला वळसा घालावा लागत होता, म्हणून त्याला सुरुंग लावून पार तळापर्यंत काढायचा बेत होता.

"खडक गेला की रस्ता मोकळा," साहेब म्हणाले. "त्यात बघायचं काय?"

"तेच बघायचंय," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, दगड काढा. तीन दिवस हौद चालवू. त्रेचाळीस वर्षं होतील."

मिस्त्रींनी पहार लावून पाहिली. मी हललो नाही. जोर केला तर हौदाचा तळ फुटणार, आणि मागच्या गळतीवरून त्यांनी साहेबांची बोलणी खाल्ली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घमेलंभर वाळू आणली आणि माझ्यावर चार बोटं थर देऊन थापी फिरवली. झाला दगड नाहीसा.

मित्रांनो, त्या तीन दिवसांतली माझी घालमेल कशी सांगू? वरून पाणी जातंय आणि मी अंधारात. गप्प राहिलो तर अहवालात येणार की दगड नसला तरी काही बिघडत नाही, आणि थोरला जाणार. उघडा पडलो, तर घण माझ्याच डोक्यात. ठरवणं माझ्या हातात नव्हतंच. पाण्याने हळूहळू वरची वाळू नेली, त्याला मी लागलो, ते सवयीने चिडलं आणि पुन्हा दोन्ही अंगांनी पळू लागलं. गढूळ पाण्यात ते कुणालाच दिसलं नाही.

चौथ्या दिवशी साहेबांनी काडीपाशी पट्टी बुडवली. "जेवढं होतं तेवढंच पाणी. मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी पेन काढलं. "फोटो घ्या आणि संपवा."

मिस्त्री हौद रिकामा करू लागले. पाणी उतरलं आणि माझं टाळकं वर आलं. मिस्त्रींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे. बाई लांब होत्या. मिस्त्रींनी चटकन दोन ओंजळी वाळू माझ्यावर लोटली.

"काय करताय, मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. जरा सारखं करतोय."

पण त्यांचा हात थांबला. ते काडीकडे बघत राहिले. तिच्याभोवती छान पाणी होतं. ते कुणामुळे होतं, हे त्या शेडमध्ये आम्हा दोघांनाच माहीत होतं. मिस्त्रींनी वाळू बाजूला केली.

"बाई, इकडे या. दगड आहे."

"कसला दगड?" साहेब म्हणाले.

"तोच. मी काढलाच नव्हता."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "तीन दिवसांची मेहनत पाण्यात घातलीत."

"पाण्यातच होती, साहेब," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या दोन्ही बाजूंची खोली मोजली आणि एवढंच म्हणाल्या, "आता खरंच काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री घण घेऊन आले. "माफ कर रे बाबा," ते पुटपुटले. तिसऱ्या घावाला माझे तीन तुकडे झाले. हौदाचा तळही फुटला. तो दुरुस्त झाल्यावर झडप पुन्हा सुरू झाली आणि मी दारात ठेवलेल्या घमेल्यातून पाहत होतो. पाण्याला अडवायला कुणी नव्हतं, म्हणून ते पसरलं, सुस्तावलं, वाट चुकू लागलं. वाळू जिथे वाटेल तिथे बसली. एकतिसाव्या वर्षी ओहोटीला ताईची काडी कोरड्या वाळूत उभी होती. मिस्त्रींनी वाकून तिच्याभोवतीची वाळू बोटाने चाचपली.

बाईंनी सगळं लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं, सुस्कारा सोडला, सही केली आणि अहवाल वर पाठवला. वरून अजून उत्तर नाही. मी आता शेडमागच्या ढिगाऱ्यात असतो. कुठे फटाका वाजला, टायर फुटला, तरी माझे तिन्ही तुकडे दचकतात.

मित्रांनो, वाटेत आडवं आलेलं सगळंच अडचण नसतं. काढण्याआधी पाण्याला विचारा. आणि विचारलंत, तर त्याच्या उत्तरावर वाळू पसरू नका.

दर सोमवारी ताईचा फोन झाला की मिस्त्री ढिगाऱ्यापाशी येतात आणि हळूच सांगतात, "तुझा खडक आहे रे अजून."

आज सोमवार आहे. दुपार झाली. मिस्त्री अजून आलेले नाहीत.